वीस फुटी भिंत

६ सप्टेंबर

मिळालं! माझं स्वतःचं असं पहिलं काम. आठ वर्षं ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या नावावर भिंती काढल्या, मग मोठ्या तोऱ्यात राजीनामा दिला आणि तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून माश्या मारत होते. नवरा टोमणे मारणारा नाही. पण रोज घरात शिरताना "आज काही?" एवढं विचारायचा आणि त्या दोन शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज त्याने चपला काढायच्या आत मीच ओरडले, "आज आहे!"

घर बांधणारे एक निवृत्त साहेब आहेत. कारखान्यात कामगारांवर देखरेख करण्यात हयात गेली, अजूनही तसंच बोलतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव मुकादम ठेवलं. कुठल्याही ग्राहकाला निम्म्या वेळी आपल्याला काय हवंय तेच ठाऊक नसतं. यांना पक्कं ठाऊक आहे.

"मॅडम, मला नक्षीकाम नको. हॉल दुप्पट उंच हवा, वीस फूट. माझी खुर्ची या भिंतीला. खुर्चीत बसलं की स्वयंपाकाचा ओटा दिसला पाहिजे, जिना दिसला पाहिजे, वरची गॅलरी दिसली पाहिजे आणि वरच्या दोन्ही खोल्यांची दारं दिसली पाहिजेत. मान न वळवता."

"मान न वळवता?"

"मान दुखते."

त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या, आता उठू की मग उठू अशा. मी विचारलं, "काकू, तुम्हाला काय हवं?" तर मुकादमच म्हणाले, "तिला शिवणाची एक खोली. वरती. दार गॅलरीत उघडणारं." काकूंनी मान डोलावली.

त्यांचं सध्याचं घर बघून मी चाट पडले. आतल्या एकाही खोलीला दार नाही! चौकटींना बिजागऱ्या तशाच आहेत, दारं काढून गच्चीत रचून ठेवलीत. "हवा खेळती राहते," मुकादम म्हणाले. या वयात इतके मोकळे विचार! आणि बायकोवर लक्ष तरी किती. त्या पाणी आणायला उठल्या तर लगेच, "कुठे निघालीस?" मी दिवसभर गायब झाले तरी आमच्या ह्याला भूक लागेपर्यंत पत्ता लागणार नाही.

१० सप्टेंबर

आज सॉफ्टवेअरने अंत पाहिला. ऑफिसातलं मला पाठ होतं; हे नवं घेतलंय, घरं सजवणाऱ्या हौशी लोकांचं. यात प्रत्येक भिंत नऊ फुटांचीच जन्माला येते. तिला वीस फूट करावं तर वरच्या मजल्याची जमीन मध्ये झाकणासारखी येऊन बसते. हॉलचा डबा झाला. म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन हॉलपुरती जमीन कापली, तर वरच्या भिंती हवेत लटकायला लागल्या. त्या पुसल्या. मग खालच्या भिंती एकेक करून वर ओढत बसले. एक वीस फूट, दुसरी एकोणीस फूट अकरा इंच, कोपऱ्यात फट आणि फटीतून आभाळ.

सासूबाई मटार सोलत समोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, एवढी आदळआपट करण्यापेक्षा खरीच भिंत बांधून झाली असती."

शेवटी वैतागून अख्खी खोली निवडली, उंचीच्या चौकटीत वीस लिहिलं आणि बटण दाबलं. सगळं एका दमात सरळ वर! कोपरे जुळले, फटी मिटल्या. मी खुर्चीवरून उठून स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

मग मुकादमांच्या खुर्चीच्या जागी कॅमेरा ठेवला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. ओटा, जिना, गॅलरी, दोन्ही दारं, सगळं लख्ख. हॉल आणि ओट्याच्या मध्ये मी काल कमरेएवढी एक भिंत काढली होती, वर कुंड्या ठेवण्याजोगी. ती मात्र चित्रात आलीच नाही. कोन तसा असेल. बरंच झालं, चित्र मोकळं दिसतंय.

१५ सप्टेंबर

चित्रं दाखवली. मुकादम खूष! नकाशे पुढे केले तर त्यांनी बाजूला सारले. "रेघा नकोत. मला काय दिसणार ते दाखवा." खुर्चीतून दिसणारं दृश्य मी मोठ्या पडद्यावर लावलं आणि ते पुढे वाकून बघत राहिले.

"हे दार अर्धंच दिसतंय."

"ती काकूंची शिवणाची खोली."

"सरकवा इकडे."

सरकवलं. "आता हिचं शिवणयंत्र कुठे येईल?" मी यंत्र दाराच्या समोरच ठेवून दाखवलं. खुर्चीतून बरोब्बर दिसलं. ते हसले. माणसाला खूष करायला किती थोडं लागतं.

निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "वरच्या खोलीत बसलं तर खालून दिसतं का सगळं?"

"सगळं!" मी म्हणाले. "काही आड येत नाही. तुम्हाला तिथे एकटं वाटणारच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. बोलायला जरा संकोचतात, पण आवडलं असणार.

२९ सप्टेंबर

नकाशे आणि भिंतींच्या उंचीचा तक्ता ठेकेदाराच्या हवाली केले. तो तक्ता सॉफ्टवेअर स्वतःच काढून देतं. मला नुसता छापायचा होता. ठेकेदार सज्जन आहे, फक्त फोनवर मारामारी केल्यासारखा बोलतो. इंजिनियरने नकाशे तपासून गॅलरीखालचा एक खांब कमी केला. का केला ते मी विचारलं नाही. एक अडचण कमी, एवढंच वाटलं.

मुकादमांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना तरी साईटवर येता येणार नाही. रोज एक चित्र पाठवा म्हणतात, खुर्चीतून दिसणारं. मी मॉडेलमध्ये आज पडदे लावते, उद्या दिवे लावते आणि पाठवते.

१९ ऑक्टोबर

कंबर धरलीय. डॉक्टर म्हणतात टेबल उंच आहे आणि खुर्ची बुटकी. साईटवर गेले नाही ते नाहीच. जोतं झालं तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर ठेकेदाराच्या फोनवर काम चाललंय.

आज काकूंचा फोन आला, चक्क साईटवरून! मागे काँक्रीट मिक्सरची घरघर ऐकू येत होती. आधी वाटलं साहेबच घोरतायत.

"ही भिंत वरपर्यंत जाणार ना?" त्यांनी विचारलं.

"कुठली, काकू?"

"ही हॉलची. अगदी छतापर्यंत?"

"नकाशात आहे तशी जाणार," मी म्हणाले. वीस फुटांचा हॉल म्हटल्यावर भिंती छतापर्यंत नाही जाणार तर कुठे जाणार?

आणि काकू हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, लहान मुलीसारखं. मग म्हणाल्या, "मी इथे आले होते ते ह्यांना बोलू नका हं." घराची प्रगती स्वतःच सांगून चकित करायचं असेल. गंमतच आहे या वयात.

२४ ऑक्टोबर

आज लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

पट्टा बांधून साईटवर गेले. हॉलमध्ये शिरले आणि समोर भिंत. ओटा नाही, जिना नाही, गॅलरी नाही. फक्त वीटकाम, खालपासून वरपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये दाराएवढी एक मोकळी जागा, तिच्यातून फ्रिज ठेवायचा कोपरा तेवढा दिसतो. मला आधी वाटलं मी चुकीच्या घरात आले.

"कमरेएवढी होती ही!" मी ठेकेदाराला म्हणाले.

"ताई, तक्त्यात वीस फूट आहे." त्याने तक्ता काढून दाखवला. वीस फूट. माझी सही.

घरी येऊन मॉडेल उघडलं आणि मग सगळा घोळ कळला. अख्खी खोली निवडून वीस लिहिलं तेव्हा ती बुटकी भिंतही बाकीच्यांबरोबर वर गेली. आणि चित्रात का दिसली नाही? कारण या सॉफ्टवेअरला एक सवय आहे. कॅमेऱ्याच्या आड येणारी भिंत ते आपणहून लपवतं, बघणाऱ्याला आतलं दिसावं म्हणून. सेटिंगमधली ती खूण काढून टाकली आणि खुर्चीतून बघितलं. पडदाभर एक सपाट करडा रंग.

जवळजवळ महिनाभर मी या माणसाला जे पाठवत होते त्यातलं काहीही त्याच्या घरात नाही. पहिलं घर माझं आणि ते असं! ऑफिसातले सगळे हसतील. हसू देत, पण मुकादम हसणार नाहीत.

२५ ऑक्टोबर

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सांगून टाक. ते येऊन बघण्याआधी तू सांगितलेलं बरं."

"पहिलंच काम आहे रे माझं."

"म्हणूनच."

सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी वेगळंच विचारलं. "त्या बाईंना काय वाटतं?"

"त्यांचा काय संबंध? काम साहेबांचं आहे."

"बाई राहणार नाहीयेत होय त्या घरात?" असं म्हणून त्या टीव्हीकडे वळल्या. माझा जीव टांगणीला आणि ह्यांना काकूंची पडलीय.

ठेकेदाराशीही बोलले. रडले त्याच्यापुढे, लाज सोडून. तो म्हणाला, "पाडता येईल, ताई. भिंत होती म्हणून इंजिनियरसाहेबांनी खांब कमी केला. आता गॅलरीला टेकू द्यायचे, खांब घालायचा आणि मग भिंत उतरवायची. वेळ जाईल, पण होईल." थोडा धीर आला. निदान मार्ग आहे.

२८ ऑक्टोबर

काकू साईटवर भेटल्या. खाली कुठे दिसेनात म्हणून मी वर गेले, तर अर्धवट गॅलरीत, त्या भिंतीच्या मागे, उपड्या घमेल्यावर बसल्या होत्या. समोर काही नाही. हातात काही नाही.

"काय करताय, काकू?"

"काही नाही. बसलेय."

मी एका श्वासात सांगून टाकलं. भिंत चुकलीय, माझी चूक आहे, मी ती दुरुस्त करून देईन.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चित्रात नाही, इथे आहे. चार थर झाले तेव्हाच बघितलं. रोज वाटायचं, आता थांबतील. थांबले नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं होतं की तुम्हाला. वरपर्यंत जाणार ना म्हणून. तुम्ही हो म्हणालात." त्यांनी विटांवर तळहात टेकला. "राहू द्या ना हिला अशीच."

"पण साहेबांना आवडणार नाही."

"नाहीच आवडणार. पण उभी राहिलीय ना एकदा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या घाईघाईने उठल्या. "हो. भाजी घेतेय. नाही, रस्त्यावरच आहे. आवाज ना? ट्रक चाललाय. हो, निघालेच." फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरल्या.

किती मोठ्या मनाची बाई! मी नोकरी सोडलीय, हे पहिलंच काम, हे सगळं त्यांनी ओळखलं असणार. माझी फजिती होऊ नये म्हणून स्वतःच्या घरात नको असलेली भिंत सहन करायला निघाल्या. आणि मी काय, कुणाच्या उपकारावर धंदा उभा करू? मला नाही ते जमायचं. उलट आता ठरवलंच. मुकादमांकडे जायचं, माफी मागायची आणि भिंत पाडून घ्यायची. काकूंनाही सुटल्यासारखं होईल.

१ नोव्हेंबर

गेले. जे घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

मुकादम खुर्चीत होते, पाय स्टुलावर. नमस्कार-चमत्कार झाले. वाक्य तोंडात तयार होतं, पण ते डॉक्टरांच्या चुका सांगत बसले आणि मला तोंड उघडायला जागा मिळेना. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि हाक मारायचे, "कुठे आहेस?"

"ओट्यापाशी," आतून काकू.

पुन्हा डॉक्टर. पुन्हा, "कुठे आहेस?"

"कपडे काढतेय वाळत घातलेले."

"किती वेळ लागतो त्याला?"

"झाले. आलेच."

सुरुवातीला मला हसू आलं. मग लक्षात आलं की काकू उत्तर देताना हातातलं काम थांबवत नाहीत, आवाजही चढवत नाहीत, जणू श्वास घेतायत. आणि त्यांनी उत्तर द्यायला जरा वेळ लावला की ह्यांचा हात काठीकडे जातो. उठायला नव्हे, आपटायला. फरशीवर त्या जागी एक टवका उडालाय.

चहा झाला. मी हात धुवायचं निमित्त करून न्हाणीघरात गेले, जरा मन घट्ट करावं म्हणून. त्याला तेवढं दार आहे. लोटलं आणि कडी शोधली. कडी नव्हती. कडीच्या जागी चार भोकं होती, पुट्टी भरून बुजवलेली, वरून रंग दिलेली. खूप जुनी असणार, कारण दाराचा रंगही तिथे तितकाच पिवळा पडला होता. मी दाराला पाय लावून उभी राहिले. बाहेरून आवाज आला, "आत कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणाले. माझा आवाज काकूंसारखा आला.

तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. गच्चीत रचलेली दारं. सरकवून घेतलेलं शिवणाच्या खोलीचं दार. यंत्र कुठे ठेवणार ते. "खालून दिसतं का सगळं?" आणि मी, शहाणी, वर तोंड करून म्हणाले होते, एकटं वाटणारच नाही! त्या घमेल्यावर बसल्या होत्या त्या मला वाचवायला नाही. त्यांना संसाराच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी एक भिंत बांधून दिली होती, तीही चुकून. आणि मी ती पाडायला निघाले होते, माझी मान ताठ राहावी म्हणून. मला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर आले. काकू ओट्याशी कांदा चिरत होत्या. मुकादम म्हणाले, "काहीतरी महत्त्वाचं बोलायचंय म्हणाला होतात फोनवर."

सुरीचा आवाज थांबला.

"हो," मी म्हणाले. "हॉल आणि ओट्यामधली भिंत वरपर्यंत न्यावी लागली. गॅलरीचा भार तिच्यावर आहे."

"वरपर्यंत म्हणजे?"

"वीस फूट."

"चित्रात नव्हती."

"चित्रं सुरुवातीची होती. मी ती बदलायला हवी होती, ते राहिलं. ती चूक माझी." तेवढं तरी खरं होतं.

"पाडा."

"पाडता येणार नाही."

"कोण म्हणतं? मी माणूस आणून दाखवतो."

"दाखवा," मी म्हणाले.

"माझ्या घरात मला विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही, मॅडम. मी शंभर माणसं ओळीत उभी केलीत, तुम्ही मला..." आणि मग ते एकदम थांबले आणि ओट्याकडे वळले. मान न दुखता. "तुला माहीत होतं?"

काकू पाठमोऱ्या होत्या. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की त्या आता खरं सांगणार. त्यांना खोटं बोलता येतं ते फोनवर, समोर नाही.

"काकूंना कसं माहीत असणार?" मी मध्येच तोंड घातलं, अगदी उद्धटपणे. "त्या एकदा तरी आल्यात का साईटवर? घरातल्या बाईने एकदा येऊन ओटा तरी बघायला नको? मीच बोलावणार होते."

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग परत माझ्याकडे. मी डोळे हलवले नाहीत. कांदा पुन्हा चिरायला सुरुवात झाली, जरा जास्तच बारीक.

"गुडघा बरा झाला की येतो," ते म्हणाले. "आणि स्वतः बघतो."

२ नोव्हेंबर

ठेकेदाराकडे गेले. "भिंत पाडायची नाही. आणि साहेबांनी विचारलं तर पाडता येत नाही म्हणायचं."

"परवा तर पाडा म्हणून रडत होतात, ताई."

त्याला न्हाणीघराच्या कडीचं सांगितलं, बाकी काही नाही. तो फोनवर नसतानाही ओरडतो, पण आज हळू बोलला. "दोन्ही बाजूंनी प्लास्टर लगेच चढवून घेतो. वीट दिसते तोवर पाडायचा मोह होतो. प्लास्टर झालं, रंगाचा हात फिरला की माणसाच्या जीवावर येतं."

"आणि काकू रोज येतात ते विसरा."

"कोण काकू?" तो म्हणाला.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला आणि डोक्यावरून हात फिरवला, तोही भाताचा. नवरा मात्र अस्वस्थ झाला. "खोटं आहे ते. उद्या त्यांनी खरंच कुणाला आणलं तर?"

"तर माझं दुकान बंद," मी म्हणाले. मला भीती वाटतेय. सगळ्यात जास्त भीती याची, की माझं पितळ उघडं पडलं तर चटके त्या बाईला बसतील. माझं काय, मी घरी येऊन दार लावून रडू शकते.

११ नोव्हेंबर

आले मुकादम.

सकाळपासून मी आणि ठेकेदार दोघं उगाच झाडू मारत होतो. गाडी थांबली. आधी काठी, मग ते, मग मागून काकू, पहिल्यांदाच साईट बघितल्यासारख्या इकडेतिकडे बघत. बरोबर कुणाला आणलं नव्हतं. आपल्याला न विचारता आपल्या घरात काही झालं, हे दुसऱ्या पुरुषासमोर कबूल करणं जमलं नसावं. मी मनोमन सुटकेचा श्वास सोडला, पण तो अर्धाच.

त्यांनी भिंतीवर काठी ठोकली. इथे, तिथे, दाराजवळ. प्लास्टर घट्ट बोललं.

"पाडली तर?" त्यांनी ठेकेदाराला विचारलं.

ठेकेदाराने माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी त्याची जन्माची ऋणी आहे. "गॅलरी खाली येईल, साहेब. खाली खांबच नाही. बघा तुम्हीच." मुकादमांनी दारातून वाकून पलीकडे बघितलं. खांब नव्हता. खरोखरच नव्हता.

मग म्हणाले, "खुर्ची आणा." आम्ही प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या ठरलेल्या जागी ठेवली. ते बसले. समोर बघितलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांना काय दिसतंय ते मला ठाऊक होतं. फ्रिजचा कोपरा.

"वर जा," ते काकूंना म्हणाले. "तुझ्या खोलीत जाऊन उभी राहा."

काकू गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला, मग गॅलरीत, मग थांबला.

"पोचलीस?"

काही नाही.

"पोचलीस का?"

काही नाही. त्यांनी काठी आपटली. नव्या कोबावर तिचा आवाज फार मोठा झाला. मग त्यांनी काकूंचं नाव घेऊन हाक मारली. मी ते नाव तोवर ऐकलंच नव्हतं. उत्तर आलं नाही.

"आवाज जात नाही की काय वर?" ते मला म्हणाले.

"बघून येते," मी म्हणाले आणि जवळजवळ पळालेच. वाटेत नाही नाही ते मनात आलं.

काकू त्यांच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून, पाय सरळ पसरून. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. मी काही बोलायच्या आत खालून पुन्हा हाक आली. शब्द न् शब्द स्वच्छ. एवढ्या उंच रिकाम्या हॉलमध्ये आवाज कुठे जाणार? नुसता घुमत होता.

"काकू," मी कुजबुजले. "हाक मारतायत."

"ऐकू येतंय मला," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण त्या उठल्या नाहीत. पुन्हा हाक आली, या वेळी काठीसकट, आणि त्यांनी डोळे मिटले आणि ओठ घट्ट मिटले, आणि ती हाक त्यांच्यावरून जाऊ दिली. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण तेवढीही ढवळाढवळ नको वाटली. मी परत खाली गेले.

"आवाज पोचत नाही," मी मुकादमांना सांगितलं. "भिंत उंच आहे."

त्यांनी ती भिंत खालपासून वरपर्यंत बघितली. खूप वेळ. रागावलेले नव्हते, गोंधळल्यासारखे दिसत होते, रस्ता चुकलेल्या माणसासारखे.

"मग तिला बोलवायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"वर जाऊन," मी म्हणाले. "जिना चढून."

त्यांनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं. मग काठी मांडीवर आडवी ठेवली आणि बसून राहिले. ठेकेदार उगाच पाण्याच्या नळाशी खटपट करत होता. मी उभीच होते. वरून कसलाच आवाज येत नव्हता. काकू आल्या त्या त्यांच्या वेळेने आल्या.